गंठण मोडण्याआधी मशरूम ओळखा



मशरूमचा व्हिडिओ चौदा मिनिटांचा झाला आणि तरी अर्धं सांगायचं राहून गेलं. कॅमेऱ्यासमोर बोलताना एक डोळा घड्याळावर असतो. म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. चहा घेऊन बसा, जरा लांबलंय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. माझं कराडला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. मशरूम करणारा माणूस कधी ना कधी माझ्या काउंटरला येतोच, कारण मशरूमला प्लॅस्टिकची पिशवी लागते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी बघत आलोय. पहिल्याच खेपेला जो पाचशे पिशव्यांची ऑर्डर देतो, तो सहसा परत दिसत नाही. जो घासाघीस करून अर्धा किलो पिशव्या नेतो, तो दोन महिन्यांनी पुन्हा येतो. हा काही सर्व्हे नाही, माझ्या उधारीच्या वहीतला अनुभव आहे.

तर झालं असं, की गणपतीच्या आधी एक ताई दुकानात आल्या. तालुक्यातल्याच. मिस्टर कंपनीत कामाला होते, काम सुटलं. हातात एक गुळगुळीत कागदाचं पत्रक होतं. त्यावर लिहिलेलं, "औषधी मशरूम कॉर्डिसेप्स. दहा बाय दहाची खोली. महिना लाखाची कमाई. माल आम्हीच विकत घेणार." गुंतवणूक पावणेतीन लाख. ताईंनी पिशव्यांचा भाव विचारलाच नाही. म्हणाल्या, "दादा, मी तुमचे व्हिडिओ बघते. फक्त एवढं सांगा, गंठण मोडू का नको?"

असल्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. मी म्हणालो, "ताई, हे मशरूम खातं काय, वाढतं कसं आणि काढल्यावर किती दिवस टिकतं, एवढं मला सांगा." त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते ट्रेनिंगमध्ये शिकवणार आहेत." म्हणजे आधी पैसे भरायचे, मग कळणार.

मला हसू आलं नाही, कारण २०१८ मध्ये मी हेच केलं होतं. बीबीए झालेला माणूस, एक्सेलमध्ये खर्च, विक्री, प्रॉफिट सगळं मांडलेलं. फक्त ज्या जिवावर धंदा उभा करायचा, त्या जिवाबद्दल शून्य माहिती. ती गोष्ट पुढे सांगतो.

हा भाजीपाला नाही

पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री सगळ्यांनी पाहिलीय. विद्यापीठाच्या पुस्तकात तिच्या खाण्याजोग्या भावंडांना अळिंबी म्हणतात, बाजारात मशरूम. ही वनस्पती नाही. हिच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे उन्हातून अन्न बनवता येत नाही. ही बुरशी आहे, आणि बुरशी नात्याने झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे. झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, तर हिच्या पेशीची भिंत कायटिनची. खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचात असतं तेच कायटिन. म्हणून कच्चं मशरूम पचायला जड जातं. नीट शिजवूनच खायचं, गिऱ्हाइकालाही तसंच सांगायचं.

आपण जे तोडतो आणि विकतो, ते फक्त फळ. खरा जीव म्हणजे काडात, लाकडात किंवा मातीत पसरलेलं पांढऱ्या धाग्यांचं जाळं. हे धागे तोंडाने खात नाहीत. अंगातून पाचक रस बाहेर सोडतात, अन्न बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात अशा एका बुरशीचं जाळं जमिनीखाली साडेनऊ चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं आहे आणि तो एकच जीव आहे. वर दिसतात त्या चार छत्र्या.

हे जाळं पोट भरून पसरत राहतं तोवर फळ देत नाही. खाणं संपत आलं, हवा बदलली, गारवा आला, थोडा उजेड मिळाला, की त्याला वाटतं आता बीजाणू पसरवायची वेळ झाली. मग छत्री वर येते. छत्रीच्या खालच्या चुण्यांतून बारीक धुरासारखे बीजाणू सुटतात. आपला सगळा धंदा म्हणजे या जाळ्याला आधी पोटभर खाऊ घालणं आणि मग आपल्याला हवं तेव्हा ऋतू बदलल्याचा भास करून देणं. शेड, फवारे, खिडक्या, पिशव्या, सगळं त्यासाठीच.

कोण काय खातं, त्यावर तुमचं भांडवल ठरतं

धिंगरी, म्हणजे ऑयस्टर, ही नवशिक्याची मशरूम. जंगलात ती मेलेल्या लाकडावर वाढते, त्यामुळे लाकडातलं कडक लिग्निन फोडायची ताकद तिच्यात आहे. गव्हाचं काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचं भुसकट, जे जनावरंही नाखुशीने खातात, ते तिला चालतं. कोकणात पेंढा स्वस्त, मराठवाड्यात-विदर्भात सोयाबीनचं भुसकट. आपल्या घराजवळ जे फुकटच्या भावात मिळतं, ते वापरायचं. काड ट्रकने लांबून आणलं की गणित तिथेच बिघडलं.

बटण मशरूमचं तसं नाही. तिला आयतं कुजवलेलं अन्न लागतं. काड, कोंबडीखत, जिप्सम घालून कंपोस्ट करायचं, ते पाश्चराइज करायचं, वर केसिंगचा थर द्यायचा आणि फळ धरायला १४ ते १८ अंशांची हवा. आपल्याकडे वर्षभर ही हवा म्हणजे एसी, आणि एसी म्हणजे लाइटबिल. हॉटेलात बटणच जास्त चालते म्हणून लोक तिच्याकडे वळतात. पण तो मोठ्या भांडवलाचा खेळ आहे. घरच्या खोलीत सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

उन्हाळ्यासाठी दुधी अळिंबी, म्हणजे मिल्की. ही आपल्या देशातली. १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली, आणि पुढे तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिची लागवड शेतकऱ्यापर्यंत नेली. ३० ते ३५ अंशांत खुशाल वाढते आणि धिंगरीपेक्षा जास्त दिवस टिकते. हिलाही केसिंग लागतं, म्हणून एक हंगाम धिंगरीवर हात बसवून मगच हिच्याकडे या. ओडिशात भाताच्या पेंढ्यावरची मशरूम खूप चालते. तिची गंमत म्हणजे तिला फ्रीज सोसत नाही, गार ठेवली की पाणी सुटून लिबलिबीत होते. प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा असतो तो असा.

आणि जंगलातली? आषाढ-श्रावणात कोकणात आणि गोव्यात रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला असते, विदर्भात काही भागात तिला सात्या म्हणतात. ती वारुळाची अळंबी. तिची शेती वाळवी करते. वाळवी पाला-लाकूड आणून वारुळात बुरशीचे मळे लावते, तीच बुरशी खाते, आणि पावसात त्या मळ्यातून छत्र्या जमिनीवर येतात. माणसाला तिची व्यापारी शेती अजून साधलेली नाही. त्यामुळे "वारुळाच्या अळंबीचं बियाणं देतो" असं कोणी म्हणालं तर लांबूनच नमस्कार करा.

जंगलातून गोळा करून विकायचा विचारही नवख्याने करू नये. "किडा खातो म्हणजे चांगली", "चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी", "शिजवली की विष जातं", हे सगळं खोटं आहे. डेथ कॅप नावाच्या मशरूमचं विष उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर बऱ्याचदा सहा ते बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि तोवर लिव्हर निकामी होत आलेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणारी माणसं त्यांच्या रानातली दोन-चार नेमकी ओळखतात. आपण यूट्यूब बघून ओळखायची नाही, माझा चॅनल बघूनही नाही.

माझे शंभर बेड

आता २०१८ ची गोष्ट. दुकानामागे पत्र्याची खोली होती. मी एका दिवसात धिंगरीचे शंभर बेड भरले. चार माणसं लावली, फोटो काढले, स्टेटसला ठेवले. प्रत्येक पिशवीत थराथराने ओलं काड आणि स्पॉन, म्हणजे गव्हाच्या दाण्यावर वाढवलेलं बियाणं. पंधरा-वीस दिवसांत पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. सात पिशव्यांवर हिरवी बुरशी आली, त्या काढल्या. बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे. पिशव्या कापल्या, पाणी सुरू केलं, चौथ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे कोंब.

आणि मग तीन दिवसांत सगळ्या पिशव्यांना एकदम माल आला. पस्तीस किलोच्या आसपास. का? कारण सगळं जाळं एकाच वयाचं होतं. एकाच दिवशी जन्म, एकाच दिवशी ऋतू बदलला, मग फळही एकाच दिवशी. जीवशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने हे सांगितलं असतं. माझ्या एक्सेलमध्ये मात्र महिन्याचं उत्पादन भागिले तीस, असा रोजचा आकडा होता.

विकले किती? नऊ किलो. तेही ओळखीच्यांना. हॉटेलवाला म्हणाला, "बटण असेल तर आण, हे पंख्यासारखं काय आहे?" भाजी मंडईत व्यापाऱ्याने बघून परत केलं. तोडल्यानंतर धिंगरी साध्या हवेत दिवसभर जेमतेम तग धरते, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. माझ्या घरच्या फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नाही, बायको काय बोलली ते लिहीत नाही. उरलेला माल शेजारी, नातेवाईक, शेवटी शेजारच्या म्हशींपुढे. दुसरा तोडा आला तेव्हा माझा धीर सुटला होता. सगळे मिळून बावीस हजार गेले. आजच्या हिशेबात छोटी रक्कम, पण त्या वर्षी ती माझी दिवाळीची खरेदी होती.

त्यामुळे आता जो विचारतो त्याला मी सांगतो, दर आठवड्याला दहा बेड भरा. एकदम शंभर नको. दहा आठवड्यांनी शंभर होतीलच, पण प्रत्येकाचं वय वेगळं असेल आणि माल रोज थोडा थोडा निघेल. आणि पहिले दहा भरायच्या आधी, वीस दिवस हातात असतात ना स्पॉन पसरेपर्यंत, त्या वीस दिवसांत गिऱ्हाईक शोधा. दुसऱ्या कुणाकडून अर्धा किलो धिंगरी विकत घ्या, भाजी करून दहा घरांत द्या, डबेवाल्या काकूंना द्या, जिमवाल्याला द्या. कोण पुन्हा मागतंय बघा.

दहा बेडचा हिशेब

सुकं काड दहा किलो. दोन-तीन इंचाचे तुकडे करून रात्रभर भिजवायचं. मग निर्जंतुक करायचं, म्हणजे त्यातल्या बाकीच्या बुरशांना मारायचं, कारण ओलं काड बघून त्याही टपलेल्या असतात. पद्धती दोन. एक, ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर. दुसरी, फॉर्मॅलिन आणि बाविस्टीनच्या द्रावणात सोळा-अठरा तास. दुसरी सोपी, सरळ शिफारशीत आहे, पुष्कळ जण करतात. पण मग पाकिटावर "केमिकल फ्री" लिहू नका. मी गरम पाण्याच्या बाजूचा. इंधन जातं, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून बोलता येतं.

काड निथळायचं. मुठीत दाबलं की पाणी टपकायला नको, पण तळहात ओला व्हायला हवा. दहा किलोचं साधारण तीस-बत्तीस किलो ओलं काड होतं. त्यात एक किलो स्पॉन, म्हणजे पिशवीला शंभर ग्रॅम. पिशवीला बारीक भोकं पाडायची, जीव आहे तो, श्वास घेतो. अंधाऱ्या खोलीत २४ ते २८ अंशांत पंधरा ते वीस दिवस. पांढरं झालं की कापायचं, मग ओलावा ८० ते ९० टक्के आणि हवा खेळती. इथे एक खूण लक्षात ठेवा. देठ लांब आणि छत्री बटणाएवढी राहिली, तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय. खत-औषध शोधत बसू नका, खिडकी उघडा. छत्रीच्या कडा वर वळायच्या आत तोडायचं. उशीर झाला की बीजाणू सुटतात, वजन घटतं, आणि बंद खोलीत तो धूर रोज छातीत गेला तर खोकला आणि दम्यासारखा त्रास होतो. मास्क दहा रुपयांना येतो.

एकूण माल किती? सुक्या काडाच्या वजनाच्या साठ ते ऐंशी टक्के धरा, दोन-तीन तोडे मिळून. म्हणजे दहा बेडचे दीड-दोन महिन्यांत सहा ते आठ किलो. किलोला २०० रुपये धरले तर बाराशे ते सोळाशे. यातून काड, स्पॉन, पिशव्या, पाणी आणि तुमचा वेळ वजा करा. लाखाची कमाई कुठे दिसतेय का? धंदा होतो, चांगला होतो, मी करणारे पाहिलेत. पण तो दुधाच्या धंद्यासारखा आहे, रोज उठून करायचा.

सुकवून विकू म्हणाल तर, ताज्या मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी असतं. दहा किलोचं एक किलो उरतं. म्हणजे ताजं २०० ला जात असेल तर सुकं दोन हजाराच्या खाली विकलं की तोटाच. सुकं हे उरलेल्या मालाचं पॅराशूट समजा. पावडर, लोणचं, पापड, सूप मिक्स हे सगळं पुढे करता येतं, एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या.

हिरव्या बुरशीबद्दल एक शब्द. ती ट्रायकोडर्मा. शेतकऱ्याला ओळखीची आहे, मर रोगासाठी आपण पैसे देऊन तीच जमिनीत घालतो, कारण ती दुसऱ्या बुरशांना खाते. आता मशरूम ही पण बुरशीच. म्हणून शेतात ट्रायकोडर्मा वापरून त्याच कपड्यांत, त्याच हातांनी मशरूमच्या खोलीत जाऊ नका. एका काकांचे सलग दोन लॉट गेले आणि कारण हे निघालं.

औषधी म्हणजे नक्की काय?

आता ताईंच्या पत्रकाकडे येऊ. मशरूममध्ये औषध आहे का? आहे, आणि ही गोष्ट भारी आहे. जपानमध्ये शिताके मशरूमपासून काढलेलं लेंटिनन हे इंजेक्शन १९८० च्या दशकात पोटाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमोथेरपीच्या जोडीने द्यायला मान्यता मिळाली. टर्की टेल नावाच्या मशरूमपासूनचं क्रेस्टिन त्याआधी, १९७७ मध्ये. कोलेस्टेरॉलचं लोवास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, ते अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीतून काढलेलं. तेच द्रव्य आपल्या धिंगरीतही थोड्या प्रमाणात सापडतं. कॉर्डिसेप्सच्या एका नातेवाइकातल्या द्रव्यावरून फिंगोलिमॉड हे मल्टिपल स्क्लेरोसिसचं औषध तयार झालं, २०१० मध्ये अमेरिकेत मान्य झालं.

पण बघा, प्रत्येक ठिकाणी काय झालंय? द्रव्य वेगळं काढलं, शुद्ध केलं, डोस ठरवला, माणसांवर चाचण्या घेतल्या, वर्षानुवर्षं. लेंटिननही केमोच्या जोडीने, केमोऐवजी नाही. पाकिटातली वाळलेली पावडर म्हणजे ते औषध नव्हे. रेशी, म्हणजे गॅनोडर्मा, लाकडासारखी कडक आणि कडू असते, भाजी होत नाही, काढा किंवा पावडर करतात. तिच्या नावावर कॅन्सर बरा करायचे दावे चालतात. अभ्यास तपासून बघणाऱ्यांचा निष्कर्ष एवढाच, की कॅन्सरवर पहिला उपचार म्हणून वापरावी असा पुरेसा पुरावा नाही.

आणि कायदा. १९५४ चा औषधं आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे. मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर "हमखास इलाज" अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर रोग बरा होतो असं लिहिता येत नाही. कंपनी पत्रकात काहीही छापेल, पण तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर "शुगर जाते" लिहिलंत तर अडकणार तुम्ही. कायदा बाजूला ठेवा, कुणी तुमच्यावर विश्वास ठेवून गोळ्या बंद केल्या तर?

मग खरं काय सांगून विकायचं? पुष्कळ आहे. चरबी नगण्य, कॅलरी कमी, तंतू चांगले, बी गटातली जीवनसत्त्वं. ताज्या मशरूममध्ये प्रोटीन शंभर ग्रॅमला तीनेक ग्रॅम, अंड्यात बारा-तेरा. त्यामुळे "मटणाइतकं प्रोटीन" म्हणू नका, सुकवल्यावर पाणी गेलं म्हणून आकडा वाढतो, एवढंच. एक युक्ती मात्र खरी आहे. मशरूममध्ये अर्गोस्टेरॉल असतं, ऊन लागलं की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. काप करून दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवले तरी ते चांगलंच वाढतं. ऊन फुकट आहे, आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणारं गिऱ्हाईक तुमच्या गल्लीतच आहे. तरी लॅब रिपोर्टशिवाय पाकिटावर आकडा छापू नका.

एक नाव, दोन जीव

पत्रकात कॉर्डिसेप्सचा भाव किलोला लाखांत दिला होता आणि शेजारी बर्फाच्या डोंगराचा फोटो. इथेच सगळी मेख आहे. तो भाव हिमालयातल्या कीडाजडीचा. उत्तराखंड, नेपाळ, तिबेटच्या उंच कुरणांत एका पतंगाची अळी जमिनीत असते. ही बुरशी तिच्या अंगात शिरते, आतून खाऊन टाकते आणि बर्फ वितळल्यावर अळीच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. लोक गुडघ्यावर बसून ती शोधतात. इतकी उपसली, की २०२० मध्ये तिला धोक्यातल्या जातींच्या यादीत घालावं लागलं.

खोलीत बरणीत भातावर वाढवतात ती कॉर्डिसेप्स मिलिटारिस. नात्यातली, केशरी रंगाची, पण वेगळी जात. तिच्यात कॉर्डिसेपिन असतं, तिच्यावर संशोधन चालू आहे, ती काही खोटी नाही. पण ती प्रयोगशाळेत बरण्यांनी तयार होते, म्हणून तिचा भाव कीडाजडीचा असूच शकत नाही. सोन्याचा भाव दाखवून पितळ विकण्यातला प्रकार.

आणि दुसरी गोष्ट जी ट्रेनिंगवाले बोलत नाहीत. मिलिटारिसचं कल्चर म्हातारं होतं. एका बशीतून दुसऱ्या बशीत, तिसऱ्या बशीत करत गेलं, की काही पिढ्यांनी जाळं वाढतं पण फळच धरत नाही. संशोधकांनाही ही डोकेदुखी आहे. म्हणजे दर थोड्या दिवसांनी नवं कल्चर घ्यायला तुम्ही त्याच कंपनीच्या दारात. शिवाय ऑटोक्लेव्ह, लॅमिनार, वीस अंशांच्या आसपास एसी, दोन महिने. लोडशेडिंग तुमचं.

मी ताईंना म्हणालो, कंपनीला फोन लावा, इथूनच. विचारा, मागच्या वर्षी ज्यांच्याकडून माल घेतला अशा तीन जणांचे नंबर द्या. खरेदीचा दर करारात किती वर्षांसाठी लिहिलाय? माल नाकारायचा अधिकार कुणाला, आणि नाकारला तर काय? ज्या मालाला तुम्ही औषधी म्हणता, तो अन्न म्हणून विकायचा की औषध म्हणून, परवाना कुठला? ताईंनी स्पीकरवर ठेवला. पलीकडचा मुलगा गोड बोलत होता. नंबर मागितल्यावर म्हणाला, "मॅडम, आज बुकिंग केलं तर वीस हजार डिस्काउंट आहे." करार बघितला तर त्यात बारीक अक्षरात, "फक्त ए ग्रेड माल स्वीकारला जाईल." ए ग्रेड म्हणजे काय, ते कुठेच नव्हतं.

ताईंनी पत्रक काउंटरवरच ठेवलं आणि दहा पिशव्या मागितल्या. मी किलोभर घ्या म्हणालो, तर "दहाच द्या" म्हणाल्या. स्पॉन आणि ट्रेनिंगसाठी मी त्यांना कृषी विज्ञान केंद्राचा पत्ता दिला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, तिथेही चौकशी करायला सांगितलं. देशाची मुख्य संस्था हिमाचलमध्ये सोलनला आहे, त्यांची माहिती नेटवर मिळते. या सगळ्याची फी गंठणाच्या एका मण्याएवढीही नाही.

परवा त्यांचा फोटो आला. आठ पिशव्या पांढऱ्या, एकीवर टाचणीच्या डोक्यासारखे कोंब. खाली लिहिलेलं, "दादा, दोन पिशव्यांवर हिरवं आलंय. उघडून तेवढं काढून टाकू का?"

मी लगेच फोन केला. खोलीत उघडू नका, तशाच बांधून घराबाहेर लांब नेऊन पुरा, हात साबणाने धुवा, आणि आज पुन्हा त्या खोलीत जायचं झालं तर कपडे बदलून जा. स्पॉन आणलेल्या पिशवीवरची तारीखही बघून ठेवा. बाकीच्या आठ पिशव्यांना हात लावू नका, फक्त सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारा. आणि डब्याच्या काकूंना सांगून ठेवा, शनिवारी दोन किलो येतंय म्हणून.